अकरा भावंडं, पण एकाचं काम दुसऱ्याला जमेलच असं नाही

गेल्या अंकात हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानातल्या पेशींत दिसणाऱ्या पळापळीबद्दल चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात निम्मे प्रश्न त्यावरच आलेत. सगळे घेता येणार नाहीत, पाच घेतोय. एक जरा लांबलाय, त्याला माझा इलाज नाही, प्रश्नच तसा होता.

माझी मुलगी अकरावीत आहे. कॉलेजात हायड्रिलाचं पान मायक्रोस्कोपखाली दाखवलं, हिरवे ठिपके भिंतीकडेने गोल गोल फिरत होते. तिने विचारलं यांना ढकलतं कोण, तर उत्तर मिळालं "सायक्लोसिस लिहा." हे नाव झालं, उत्तर कुठाय? — एक पालक, सांगली

ताई, तुमची मुलगी बरोबर आहे, नाव सांगणं म्हणजे उत्तर नाही. ही पळापळ पहिल्यांदा नोंदवली इटलीतल्या बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी, १७७४ मध्ये, कारा नावाच्या पाणवनस्पतीत, आणि त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं लोक हाच प्रश्न विचारत होते.

पेशीच्या आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रोटीनचे धागे असतात. धागा किती बारीक तर साधारण ७ नॅनोमीटर, म्हणजे केसाची जाडी घेतली तर असे दहा हजार शेजारी शेजारी सहज मावतील. या धाग्यांवरून मायोसिन नावाचं दुसरं प्रोटीन एटीपी हे पेशीचं इंधन जाळत चालतं, पाठीवर सामान घेऊन, आणि त्याच्या चालण्याने आजूबाजूचा रसही ओढला जातो. हिरवे ठिपके म्हणजे क्लोरोप्लास्ट, ते त्या ओढीत वाहतात. धागे मोडणारं औषध घातलं की पळापळ बंद पडते, म्हणजे रूळ उखडले की गाडी थांबली, इतकं सरळ आहे.

गंमत म्हणजे काराचं मायोसिन हे आपल्याला माहीत असलेल्या मायोसिनांत सगळ्यात वेगवान. २०१३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याचा इंजिनाचा भाग अ‍ॅरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या नात्यातल्या छोट्या रोपाच्या मायोसिनला जोडला, तर रोपं चक्क मोठी झाली, आणि संथ मायोसिनचा भाग जोडला तेव्हा लहान राहिली. पेशीतली वाहतूक किती वेगात चालते यावर झाडाचा आकार ठरतो हे वाचल्यावर मी दोन मिनिटं नुसता खिडकीतून बाहेर बघत बसलो होतो.

सर, मी एमएस्सीला आहे. अ‍ॅरॅबिडॉप्सिसमध्ये एडीएफचे अकरा जीन आहेत, प्रोटीन दिसायला जवळजवळ सारखीच. मी त्यातलं एक बंद पडलेलं म्युटंट वाढवलं तर रोप एकदम ठणठणीत, काहीच फरक नाही. आता प्रोजेक्ट बदल म्हणतायत. सगळी सारखीच असतील तर झाडाने अकरा ठेवली कशाला? — पुण्याहून

अगं, प्रोजेक्ट इतक्यात बदलू नको. आधी बाकीच्या वाचकांना एडीएफ म्हणजे काय ते सांगतो, मग तुझ्याकडे येतो.

अ‍ॅक्टिनचा धागा कायमचा नसतो. छोटे छोटे मणी एकामागे एक लागून तो बनतो, एका टोकाला लागत राहतात आणि जुना भाग तुटून परत मणी सुटे होतात. पर्ड्यू युनिव्हर्सिटीतल्या ख्रिस स्टायगर यांच्या गटाने २००९ मध्ये अ‍ॅरॅबिडॉप्सिसच्या जिवंत पेशीत एकेक धागा बघितला, तर तो सेकंदाला साधारण १.७ मायक्रॉन वाढत होता आणि जेमतेम अर्धं मिनिट टिकत होता, टोकाकडून सावकाश झिजण्याऐवजी मध्येच फटाफट तुटून तुकडे होत होते. हे तोडणारं मुख्य प्रोटीन म्हणजे एडीएफ, लांब नाव अ‍ॅक्टिन डीपॉलिमरायझिंग फॅक्टर. ते धाग्याच्या जुन्या भागाला चिकटतं, तिथला पीळ जरा घट्ट करतं, आणि पिळलेला भाग नि साधा भाग यांच्या सीमेवर धागा तुटतो. सुतळीला एका जागी जास्त पीळ बसला की ती पिळाच्या कडेला तुटते बघा, साधारण तसं.

यीस्टमध्ये असं प्रोटीन एकच. माणसात या घराण्यातले तीन. आणि वीतभर उंचीच्या अ‍ॅरॅबिडॉप्सिसमध्ये अकरा, भातातही अकरा.

आता "सारखीच" म्हणतेस ना, तिथेच गडबड आहे. ही अकरा चार पोटगटांत पडतात. पहिल्या गटात एडीएफ नंबर १, २, ३, ४, ही पान, खोड, मूळ सगळीकडे. दुसऱ्यात ७ आणि १० परागकणात, ८ आणि ११ मुळावरचे केस ज्या पेशींतून निघतात तिथे. चौथ्यात ६ एकटा, तो जवळपास सगळीकडे सापडतो. आणि तिसऱ्या गटात ५ आणि ९, ही दोघं घराण्यातली उलट्या डोक्याची, कारण ही धागा तोडत नाहीत, उलट धागे शेजारी शेजारी बांधून जाड दोर करतात!! नाव तेच, तोडणारा फॅक्टर, आणि काम बांधायचं. आडनाव सुतार आणि धंदा किराण्याचा असं आपल्याकडे असतंच की.

हे झालं कसं ते चीनमधल्या लांझोऊ विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं. जीनमध्ये जो भाग कापून टाकायचा असतो त्याची सीमा उत्क्रांतीत जराशी सरकली, त्यामुळे प्रोटीनच्या सुरुवातीला काही जास्तीची अमिनो आम्लं लागली, आणि आत काही मोक्याच्या जागची अमिनो आम्लं बदलली. बस, एवढ्यावर कात्रीचा चिमटा झाला. म्हणून नुसतं सिक्वेन्स शेजारी लावून "इतके टक्के सारखं" बघून काम सारखं असेल असं समजायचं नाही. तो टक्का कुठल्या जागी वेगळा आहे हे बघायचं. (हे मी पंधरा वर्षांपूर्वी ऐकायला पाहिजे होतं, माझा एक अख्खा उन्हाळा टक्के मोजण्यात गेलाय.)

आणि ज्या तोडणाऱ्या आहेत त्यांचीही धार एकसारखी नाही. एडीएफ १ सपासप तोडतो, परागकणातला एडीएफ ७ त्यापेक्षा हळू, टेस्टट्यूबमध्ये दोघं शेजारी ठेवून हे बघितलेलं आहे. आता वाटेल हळू म्हणजे कच्चा, पण परागनळीत जाड दोर टिकायला हवेत आणि तरी हळूहळू बदलतही राहायला हवेत, तिथे सपासप तोडणारा घुसला तर सगळं मोकळं करून टाकेल. एडीएफ ७ काढून टाकला की परागनळी मंद वाढते. त्याच्याच शेजारी राहणारा एडीएफ १०, एकाच परागकणात, पण दोघांना चमकणारं लेबल लावून बघितलं तर पेशीत बसायच्या जागा वेगळ्या दिसतात.

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात सुंदर प्रयोग मात्र एडीएफचा एकट्याचा नाहीच, तो जोडीदारांचा आहे. अ‍ॅक्टिनचीही या रोपात आठ चालू जीन आहेत, तीन पानामुळातली आणि पाच परागकण-फुलातली. दोन्ही गटांत अगदी थोडा फरक, आणि पानामुळातल्या एसीटी २ आणि एसीटी ८ मध्ये तर फक्त एका अमिनो आम्लाचा. कोणीही म्हणेल की एकाच्या जागी दुसरा चालेल. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या गटाने परागकणातला अ‍ॅक्टिन, एसीटी १, पानात भरपूर तयार होईल असं केलं. २००२ ची गोष्ट. रोपं खुजी झाली, पेशीतले धागे विस्कटून भलतेच जाड गठ्ठे झाले. मग २००७ मध्ये त्यांनीच पुढचं पाऊल टाकलं, त्याच रोपात अ‍ॅक्टिनच्या बरोबर परागकणातलाच एडीएफ ७ किंवा परागकणातलं प्रोफिलिन (अ‍ॅक्टिनचे सुटे मणी पुरवणारं प्रोटीन) घातलं, आणि रोपं सावरली, उंची परत आली! पण पानातलं नेहमीचं प्रोफिलिन जास्त घातलं तर काही उपयोग झाला नाही. म्हणजे पाहुणा आजारी नव्हता, त्याच्या घरची माणसं सोबत नव्हती. आपल्या ओळखीच्या सवयीचं कोणी आलं आणि तो जेवायला लागला.

आता तुझं म्युटंट. रोप ठणठणीत दिसणं याचे दोन अर्थ असतात. एक, खरंच दुसरं भावंड काम सांभाळतंय, हे होतं, नाही असं नाही. धागे बांधणाऱ्या व्हिलिन नावाच्या प्रोटीनमध्ये २ आणि ३ नंबर असंच करतात, एक काढलं तर रोप ठीक, दोन्ही काढली की खोड आणि फांद्या वेड्यावाकड्या पिळवटतात. तेव्हा जवळच्या भावंडाबरोबर डबल म्युटंट कर. दुसरा अर्थ, तू चुकीच्या वेळी बघतेयस. एडीएफ ४ चं म्युटंट उजेडात, ट्रेवर, एसी रूममध्ये काही बोलत नाही, पण बी अंधारात उगवलं की कोंबाचा दांडा नेहमीपेक्षा लांब होतो, आणि ठरावीक प्रोटीन बाळगणारा स्यूडोमोनास जिवाणू सोडला की हे रोप नेहमीच्या रोपापेक्षा जास्त आजारी पडतं, त्याची राखण ढिली झालेली असते. एडीएफ ५ नसेल तर पाणी तोडल्यावर पानाची रंध्रं वेळेवर मिटत नाहीत. एडीएफ ९ नसेल तर लांब दिवसांत फुलं लवकर येतात. तुझं कुठलं आहे ते तू लिहिलं नाहीस, पण नुसत्या उंचीचा फोटो काढून थांबली असशील तर त्या बिचाऱ्या म्युटंटला बोलायची संधीच दिलेली नाहीस. अंधारात वाढव, थंडीत ठेव, पाणी तोड, आणि मुळावरचे केस मोज. आणि हो, बंद आहे म्हणतेस तो जीन खरंच बंद आहे का ते आरएनएवर एकदा तपासून घे, रागावू नको, पण हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतोय.

मक्याच्या प्रत्येक दाण्याला एक केस असतो असं तुम्ही मागे लिहिलं होतं. कणीस अर्धं भरलं आणि टोकाला दाणेच नाहीत, यात त्या तुमच्या अ‍ॅक्टिनचा काही संबंध असतो का? — शेतकरी, जालना जिल्हा

दादा, संबंध आहे, पण दोष बहुतेक त्याचा नसतो, ते आधीच सांगतो.

केसावर तुऱ्यातला परागकण पडतो, तो फुटून नळी काढतो, आणि ती नळी केसाच्या आतून दाण्यापर्यंत उतरते. केस फूटभर लांब असेल तर नळीही तेवढी, आणि हे सगळं साधारण एका दिवसात, म्हणजे ताशी सेंटीमीटरच्या आसपास वेग. ती नळी एकाच पेशीची आहे हे लक्षात घ्या! पेशी फक्त टोकाला वाढते, आणि टोकाला भिंत बांधायचं सामान छोट्या पिशव्यांतून मागून येत राहतं, कशावरून, तर अ‍ॅक्टिनच्या दोरांवरून. नळीच्या मधल्या भागात जाड लांब दोर, आणि अगदी टोकाला मात्र बारीक, आखूड, सतत तुटणारे धागे. एकाच पेशीत चार बोटांवर दोन कायदे.

हे कसं जमतं तर तिथे प्रोटीनं निवडून ठेवलेली आहेत. परागनळीच्या टोकाला कॅल्शियम जास्त असतं, आणि व्हिलिनमधले बरेच प्रकार कॅल्शियम कमी असेल तर धागे बांधतात आणि जास्त झालं की तोडायला लागतात. म्हणजे एकच माणूस, मागे दोर वळतो आणि पुढे जाऊन कापतो. पण व्हिलिन १ नावाचा एक भाऊ आहे तो कॅल्शियमला जुमानत नाही, कधीच तोडत नाही, फक्त बांधतो. तो टोकाला लावला असता तर काम बिघडलं असतं. परागकणातला मुख्य आहे व्हिलिन ५, तो कॅल्शियम ऐकतो. आणि तुमच्या मक्यातही एडीएफ वाटून दिलेले आहेत, १ आणि २ परागकणात, ३ नंबर झाडात बाकी सगळीकडे पण परागकणात नाही, १९९० च्या दशकातच हे दिसलं होतं.

आता तुमचं कणीस. टोकाचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात, तोवर तुऱ्यातले परागकण संपत आलेले असतात, आणि त्या आठवड्यात कडक ऊन किंवा पाण्याचा ताण असेल तर केस सुकतो नाहीतर परागकण मरतो. नळी निघालीच नाही तर आतले दोर कितीही चांगले असून काय उपयोग. तुरा आणि केस येतात त्या पंधरवड्यात पाणी चुकवू नका, एवढंच माझ्याकडून. वाण आणि खताचं तुमच्या कृषी सहायकांना विचारा, माझी ती लाईन नाही.

अ‍ॅलर्जी टेस्टमध्ये "प्रोफिलिन" लिहून आलं. डॉक्टर म्हणाले खरबूज, केळं खाल्ल्यावर तोंडाला खाज येते ती यामुळे. पण मला तर परागकणांची सर्दी आहे, खरबुजाचा काय संबंध? — एक वाचक, ठाणे

वर जे प्रोफिलिन दोनदा आलं ना, तेच हे. अ‍ॅक्टिनचे सुटे मणी धरून ठेवायचं आणि लागतील तसे पुरवायचं हे त्याचं काम. आकाराने छोटं, एकशे तीसेक अमिनो आम्लांचं. परागकणात भरपूर असतं. १९९१ मध्ये व्हिएन्नातल्या गटाने बर्च झाडाच्या परागकणात हे अ‍ॅलर्जी करणारं प्रोटीन म्हणून ओळखलं.

आता प्रत्येक फुलझाडात प्रोफिलिन असतंच, आणि एकाचं दुसऱ्यासारखं बरंचसं दिसतं. तुमच्या शरीराने परागकणातल्या प्रोफिलिनवर डूख धरला, मग खरबुजातलं, केळ्यातलं, टोमॅटोतलं दिसलं की तोच समजून अंगावर धावतं. पण हे प्रोटीन उष्णतेने आणि पोटातल्या रसांनी लवकर मोडतं, म्हणून खाज बहुतेक तोंडापुरती राहते आणि शिजवलेल्याने बऱ्याच जणांना त्रास होत नाही. तरी घसा सुजणं, श्वास लागणं, चक्कर असं काही झालं तर हा लेख वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. काय खायचं काय नाही ते डॉक्टरच सांगतील.

इथे एक मजेशीर गोष्ट राहून जाईल म्हणून सांगतो. ज्या प्रोफिलिनांना तुमचं शरीर एकच समजतं त्यांना झाडाची पेशी मात्र एक समजत नाही. मक्यातली प्रोफिलिनं दोन वर्गांत पडतात, एक वर्ग अ‍ॅक्टिनला जास्त घट्ट धरतो आणि दुसरा पेशीच्या पडद्यातल्या एका मेदाकडे जास्त ओढला जातो. २००० साली ही दोन्ही ट्रॅडेस्कँशिया नावाच्या फुलझाडाच्या पुंकेसरावरच्या केसांच्या पेशीत सुईने टोचून बघितली. त्या पेशीत रसाचे दोर ताणलेले असतात आणि मधोमध केंद्रक टांगलेलं असतं, झोळीतल्या बाळासारखं. पहिल्या वर्गातलं टोचलं की दोर भराभर तुटून केंद्रक जागेवरून सरकायचं, दुसऱ्याने तेच व्हायला जास्त वेळ लागायचा. दोन प्रोटीन, डोळ्यांना फरक न दिसणारी, आणि घड्याळ लावलं तर वेगळी.

गेल्या अंकात वाचून घरी हायड्रिला आणलं, काहीच हललं नाही. पैसे वाया? — नववीतला विद्यार्थी, रत्नागिरी

अरे, नाही. थंड पाण्यातून काढून लगेच बघितलंस ना? शेंड्याजवळचं कोवळं पान घे, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेव, बल्बच्या उजेडात, मग त्याच पाण्याचा थेंब घालून काचपट्टीवर ठेव. मधल्या शिरेच्या आसपासच्या लांबट पेशी बघ, कडेच्या नको. आधी वाटेल काही होत नाहीये, मग एखादा हिरवा ठिपका कोपऱ्याला अडकून सुटतो, त्याच्यामागे दुसरा, आणि मिनिटभरात रांग लागते. शेजारच्या पेशीत कुठल्या बाजूने फिरतायत ते बघून मला कळव, तुझ्या पानात दोन्ही एकाच दिशेने जातायत का उलट, मी पैज लावत नाही.